फोटो नसला तरी चालेल

शहादा
१२ जून २०२३

ताई,

पाया पडतो. पाकीट बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनच करणार होतो, पण तुझ्या हॉटेलातून तुझ्यापेक्षा हायवेवरचे ट्रकच जास्त बोलतात, आणि तू "हां हां, बरं बरं" करून ठेवून देतेस. शिवाय जे विचारायचं आहे ते तू तोंडानं कधीच सांगितलेलं नाहीस. तुझं लग्न झाल्यावर मी ब्राह्मणपुरीहून तुला पोस्टकार्डं लिहायचो, त्यांच्या उत्तरांत तू किती मोकळी असायचीस! म्हणून म्हटलं, पुन्हा तसंच करून बघू.

आधी बातमी. लोणखेड्याच्या शाळेतली चित्रकलेची नोकरी मी सोडली. ओरडू नकोस, पुढचं वाच. नोकरी तरी कसली, तासावरची. पोरांना कमळ आणि झेंडा शिकवून बारा वर्षं गेली. आता पूर्ण वेळ चित्रंच काढणार. बसस्टँडजवळ एक गाळा घेतलाय.

हे असं एकदम सुचलं नाही. आपल्याकडचे कापडवाले इंदरमल शेठ तुला माहीत आहेत. त्यांची आई, गवराबाई, होळीनंतर वारली. बाईंनी जन्मभर घूंघट सोडला नाही. घरात फोटो एकच, कोणाच्या तरी लग्नातला, आणि त्यातही पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. शेठ म्हणाले, "मास्टर, दुकानात बापूजींचा फोटो आहे, शेजारचा खिळा मोकळा आहे. काहीतरी करा." मी आठवडाभर त्यांच्या घरी जाऊन बसलो. लेकी, सुना, नात चांदनी, सगळ्यांना विचारायचं, काढायचं, खोडायचं. नाकावरून तर दोन बहिणींचं भांडण झालं, एक उठून माहेरचा चहा न घेता गेली! पण चित्र झालं ताई. शेठ चपला काढून चित्रासमोर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "माँ आ गई."

तेव्हापासून माणसं येतात. तळोद्याहून, नंदुरबारहून. मोबाईलमधलं ॲप फोटोवरून पाहिजे तसा फोटो करून देतं, पण मुळात फोटोच नसेल तर ते बिचारं काय करणार? आपल्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांचे फोटो असतात कुठे! म्हणून पाटीवर मी लिहून घेतलंय : 'ईश्वर आर्ट्स. फोटो नसला तरी चालेल.'

आता मुद्द्याचं. हिवाळ्यात शहाद्यात हॉल घेऊन चित्रं मांडायची आहेत. त्यात पहिलं चित्र मायचं. माय गेली तेव्हा मी दीड वर्षाचा, मला काही म्हणजे काहीच आठवत नाही. फोटो नाही. बापानं मरेपर्यंत तिचं नाव काढलं नाही. तू अकरा वर्षांची होतीस. जगात तिचा चेहरा फक्त तुझ्याकडे आहे. मी परक्या लोकांच्या आया काढतोय आणि स्वतःची बघितली नाही. लिही ताई. जसं आठवेल तसं लिही.

तुझा
ईश्वर


विसरवाडी
२१ जून २०२३

ईश्वर,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी शिव्या घे.

नोकरी सोडली? पत्र वाचलं आणि तोंडातून पहिलं तेच आलं, काय करी ऱ्हायना रे हाऊ पोऱ्या? येडा शे का? गिऱ्हाईक भजी हातात धरून माझ्याकडे बघायला लागलं. तुझे दाजी म्हणाले, कोण मेलं? मी म्हटलं, मेलं कोणी नाही, माझ्या भावाला मरणाऱ्यांवर पोट भरायचंय. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं ते हेच. रविनाला विचारलंस का? का तिलाही असंच पत्रानं कळवलंस?

बरं. सोडली ती सोडली. तू चौथीत असताना कोळशानं देवळाच्या मागच्या भिंतीवर बैल काढला होतास आणि मार खाल्ला होतास. तेव्हाच मला समजलं होतं, याचं काही सरळ व्हायचं नाही. गाळ्याला नारळ फोडलास ना? मी पुढच्या महिन्यात येऊन बघून जाईन. इकडे पाऊस लागलाय, गुजरातच्या गाड्या उशिरा येतात, भज्यांना बरकत आहे. दाजींचा गुडघा तसाच. डॉक्टर म्हणतात बसून राहा, आणि हॉटेलवाला बसला तर चालेल का?

मायचं काय लिहू? ती होती आणि मग नव्हती. हात खरखरीत होते, कापूस वेचून वेचून बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यावर ती रात्री तेल लावायची. डोक्यावरून पाणी ओतताना माझ्या डोळ्यांवर तळहात धरायची. आवाज मोठा. विहिरीवरून हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठायची. एवढं पुरे. चेहरा विचारू नकोस रे भाऊ. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

नीट जेवत जा. रंगाचे हात धुऊन जेवत जा, ते विष असतं म्हणतात.

ताई


शहादा
९ जुलै २०२३

ताई,

शिव्या पोचल्या. गोड होत्या.

रविनाला विचारलं होतं. ती दोन दिवस नुसती भांडी आपटत होती. आता थट्टा करते, म्हणजे राग उतरला म्हणायचा. म्हणते, तुमचा धंदा असा की शेजारी कोणी खोकलं तरी तुम्ही ब्रश धुवायला घेता! खोटं नाही. पूर्ण वेळ चित्रकार होणं म्हणजे काय ते मला आत्ता कळतंय. पूर्ण वेळ वाट बघणं. पंधरा-पंधरा दिवस कोणी गाळ्याची पायरी चढत नाही, मी समोरचे रिक्षावाले काढत बसतो. मग एकाच दिवशी दोन घरची माणसं येतात, दोघांनाही सुतक फिटतं त्या गंधमुक्तीच्या दिवशी पाटावर ठेवायला चित्र हवं. म्हणजे आठ दिवसांत तेलरंग सुकलेसुद्धा पाहिजेत. पंखा लावून चित्र सुकवतो आणि मी घामात बसतो. पण खोटं सांगत नाही ताई, संध्याकाळी शटर ओढताना बारा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटतं.

तू हात लिहिलेस, आवाज लिहिलास. हात मी काढले, तीन वेळा काढले, भिंतीला लावलेत. पण चेहरा दे ना. तुला वाटतं आठवत नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. माझा अनुभव ऐक. 'नाक कसं होतं' विचारलं की माणूस 'सरळ होतं' म्हणतो, सगळ्या मेलेल्यांची नाकं सरळ. म्हणून मी तसं विचारतच नाही. मी विचारतो, रागावली की आधी काय हलायचं? हसताना तोंडावर पदर घ्यायची का, आणि घ्यायची तर लपवायची काय? कान कोणासारखे? आज जिवंत असलेल्या कोणाकडे बघून तिची आठवण येते? मग बघ, कसं एकेक बाहेर येतं.

मागच्या रविवारी ब्राह्मणपुरीला नानीबाई आत्याकडेही गेलो होतो. म्हटलं, बापाची सख्खी बहीण, तिनं मायला पाहिलंय. पण आत्याचं आता वय झालं, एकच धोशा, "चांगली व्हती, चांगली व्हती." गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्याही तेवढंच म्हणतात. चांगली होती हे काय काढू?

तूच एक आहेस. हॉल ठरवलाय, जानेवारीत. मायशिवाय मी बाकीची चित्रं तिथं नेणार नाही. नाहीतर रद्द करीन.

ईश्वर


विसरवाडी
२ ऑगस्ट २०२३

ईश्वर,

रद्द करीन म्हणे! हट्टाला तू बापावर गेलास.

घे, लिहून घे. दुपारी हॉटेल रिकामं असतं, बसले आणि आठवत गेले. तू म्हणतोस तसंच झालं, एकातून एक निघालं.

नाक माझ्यासारखं, पण शेंड्याला जरा बारीक. कपाळ लहान. भुवया दाट, मध्ये जवळजवळ भेटलेल्या. रागावली की आधी डावी नाकपुडी हलायची, मग तोंड उघडायचं. डाव्या डोळ्याखाली बारीक तीळ होता, काजळ पसरल्यावर दिसायचा नाही. हसताना पदर घ्यायची, कारण समोरच्या एका दाताचा कोपरा तुटलेला. लहानपणी विहिरीच्या काठावर पडली होती म्हणे. उजव्या कानाची पाळी जड बाळीनं ओघळलेली. हनुवटी तुझी. हो, तुझीच, आरशात बघ. डोळे मोठे नव्हते, पण बघायची अशी की समोरच्यानं खोटं बोलू नये. रंग सावळा, गळ्यापाशी उजळ.

झालं का समाधान? आता यापुढे विचारायचं नाही. होतं तेवढं सगळं दिलं.

चित्र झालं की मलाच आधी दाखवू नकोस. सगळ्यांबरोबर बघीन.

ताई


शहादा
२८ जानेवारी २०२४

ताई,

तू आलीस आणि न जेवता गेलीस. रविनानं पुरणपोळी केली होती, ती शेवटी कंडक्टरच्या हातून पाठवावी म्हणत होती. दाजी म्हणाले पित्त झालंय. आता बरं आहे का?

मी तुझ्याकडेच बघत होतो. तू मायसमोर उभी राहिलीस, डोक्यावर पदर घेतलास, बराच वेळ हलली नाहीस. मग खाली बघून बाहेर गेलीस. मी समजलो. मलाही पहिल्या दिवशी तसंच झालं होतं. शेवटचा तीळ टेकवला आणि ब्रश खाली ठेवून मी जमिनीवर बसलो. एकोणचाळीस वर्षांचा घोडा, आणि पहिल्यांदा मायला बघत होतो.

हॉलमध्ये गावची झाडून सगळी माणसं आली होती. सगळ्यांचं एकच, हुबेहूब! तिच्याबरोबर निंदायला जाणाऱ्या दोन म्हाताऱ्या तर रडल्या. फक्त नानीबाई आत्यानं गंमत केली. तिला खुर्चीवर उचलून आणलं होतं. चित्राजवळ नेलं तर म्हणते, "हाई कोन शे?" सगळे हसले. मोतीबिंदू पिकलाय, बिचारीला दिसतच नाही.

आणि ऐक, काम फळलं. सुरतेचे एक शेठ त्यांच्या आजीचं चित्र सांगून गेले. नवापूरचे एक वकील, दोंडाईच्याचे एक. वर्षभराचं काम आहे हातात. आता कोणी विचारलं काय करता, तर मी न अडखळता चित्रकार म्हणतो. हे तुझ्यामुळे झालं. तुला इतकं आठवत होतं म्हणून झालं.

मायचं चित्र विकायला नाहीच. गाळ्यात माझ्या समोरच लावलंय. रोज सकाळी तिला सांगून कामाला बसतो. तुझ्यासाठी त्याचाच फोटो काढून, फ्रेम करून पाठवतोय. हॉटेलात गल्ल्यामागे लाव, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

ईश्वर


विसरवाडी
११ फेब्रुवारी २०२४

ईश्वर,

फ्रेम मिळाली. काच फुटली नाही. दाजींनी लावली. येणारे जाणारे विचारतात, कोण? मी सांगते.

तब्येत बरी आहे. तुझं नाव झालं, मला सगळं मिळालं. सुरतेच्या शेठला रंग चांगला वापर, कंजुषी करू नकोस.

सध्या लग्नसराई आहे, लिहायला होत नाही. पत्र आलं नाही तर काळजी करू नकोस.

ताई


शहादा
१० नोव्हेंबर २०२४

ताई,

भाऊबीजेला तू आली नाहीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. रविनानं पाट मांडून ठेवला होता, मी आंघोळ करून नव्या कपड्यांत दुपारपर्यंत बसून होतो. फोन केला तर दाजी बोलले. नऊ महिन्यांत एक ओळ नाही.

परवा सुरतेचं चित्र पोचवायला निघालो होतो, मुद्दाम विसरवाडीला उतरलो. तू बाजारात गेली होतीस. हॉटेलात गेलो आणि बघितलं, गल्ल्यामागची भिंत मोकळी. माय नाही. दाजींना विचारलं तर म्हणाले फ्रेमला वाळवी लागली. ती प्लॅस्टिकची फ्रेम आहे ताई. प्लॅस्टिकला वाळवी?

मग रस्ताभर विचार करत गेलो आणि मला कळलं. बसस्टँडच्या चौकात मी मोठा फ्लेक्स लावलाय, त्यावर मायचा चेहरा आणि खाली गाळ्याचं नाव. तुला कोणीतरी सांगितलं असणार. तुला वाटलं असणार, ह्यानं मायची पाटी केली, मायवर धंदा करतो. हेच ना? मग तोंडावर बोल की! लहानपणी कानाखाली मारायचीस, आता गप्प कशाला? मी रोज तिच्या पाया पडतो. मला खायला मिळतंय ते तिच्यामुळे, यात लाज कसली? आणि तुला लाज वाटत असेल तर तसं लिही. पण तिला भिंतीवरून काढायचं काय कारण होतं? ती माझ्याएवढीच तुझी आहे.

रागात लिहितोय. पण पाठवणार आहे.

ईश्वर


विसरवाडी
२५ नोव्हेंबर २०२४

ईश्वर,

तुझं पत्र वाचलं. फ्लेक्सचा राग नाही रे. मी तो बघितलाय, बाजारच्या दिवशी शहाद्याला येऊन बघून गेले, तुला भेटले नाही. चौकात लावलंस ते चांगलं केलंस. जन्मभर पदराआड होती, बघू दे लोकांना.

काढली ती वाळवीनं नाही आणि लाजेनं नाही. सांगते. हे वाचताना गाळ्यात कोणी असेल तर आधी त्याला जाऊ दे.

मी तुला खोटं लिहिलं. मला तिचं नाक आठवत नव्हतं. भुवया नाही, दात नाही, तीळ नाही. नाक माझं, आरशात बघून लिहिलं. भुवया एका बाईच्या. साक्रीच्या गाडीची वाट बघत हॉटेलात बसली होती, पोराला मांडीवर घेऊन बशीतून चहा पाजत होती, मला आवडली. कानाची पाळी माझ्या सासूची. तीळ असाच, तुला रंगवायला बरा वाटेल म्हणून. तू नोकरी सोडून बसला होतास, हॉल रद्द करीन म्हणत होतास. मला वाटलं, माझ्याकडे नाही म्हणून माझा भाऊ अडायला नको. माय गेल्यावर तू रात्री भुकेनं रडायचास, घरात दूध नसायचं, मी पाण्यात गूळ कालवून दूध म्हणून पाजायचे. तू पिऊन झोपायचास. तसंच केलं. तेव्हा काही बिघडलं नव्हतं.

माझ्याकडे खरी माय एवढीच होती : चुलीपुढे बसलेली, फुंकणी तोंडाला, गाल फुगलेले, डोळे धुरानं घट्ट मिटलेले. जाळ धरला की खोकत खोकत माझ्याकडे तोंड करून हसायची. बस. हे तुला कसं लिहू? गाल फुगवलेली, डोळे मिटलेली बाई कोणी हार घालून भिंतीवर लावतं का? पण माझी होती ती. मी रोज सकाळी भट्टी पेटवायला बसले की ती यायची. मला आठवावी लागत नव्हती, बोलवावी लागत नव्हती. लग्न होऊन इथं आले तेव्हा आली, पोर पोटातच गेलं तेव्हाही आली. सकाळ झाली की यायचीच.

तुझं चित्र बघितलं आणि मी घाबरले ईश्वर. इतकं जिवंत होतं! मीच सांगितलेली खोटी बाई माझ्याकडे बघत होती, आणि सगळं गाव म्हणत होतं हुबेहूब. एकटी नानीबाई आत्या खरं बोलली आणि तिला सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली. माय आली. फुंकणी होती, धूर होता, पण तोंड तुझ्या चित्रातलं. डोळे उघडे. त्याखाली तीळ. मी डोळे चोळले, पुन्हा बसले. तीच. रोज तीच. मग मी फ्रेम काढून कपाटामागे टाकली, म्हटलं नजरेआड झाली की जुनी परत येईल. आली नाही. आता मी गाल फुगलेले म्हणते ते नुसतं म्हणते रे, मला दिसत नाहीत.

मन्ही माय गयी ईश्वर. पहिले गयी तवय थोडीशी मन्हाजोडे राहेल व्हती. आते बठ्ठी गयी, सगळीच.

तुझा काही दोष नाही. तू मागितलंस, मी दिलं. भाऊबीजेला तुझ्या दारात येऊन खोटं हसता आलं नसतं, म्हणून आले नाही.

ताई


शहादा
९ डिसेंबर २०२४

ताई,

पत्र वाचून शटर ओढून घेतलं, ते आठ दिवस उघडलं नाही. रविनाला वाटलं मला ताप आहे. फोनही बंद करून ठेवलाय.

मग इंदरमल शेठच्या घरी गेलो. कारण काही नव्हतं, उगाच. चांदनीनं चहा दिला. मी तिला विचारलं, बेटा, दादी म्हटलं की तुला काय दिसतं? ती हसली. म्हणाली, "तुम्ही काढलेलीच दिसते की काका. आधी कशी दिसायची ते आता आठवतच नाही. बरं झालं ना?" मी हो म्हटलं. चहा अर्धा ठेवून आलो. किती घरं झाली ताई! सगळीकडे चपला काढून उभी राहिलेली माणसं, सगळीकडे हुबेहूब. मला वाटायचं, मी लोकांना त्यांची माणसं परत देतोय. जे थोडं उरलेलं होतं ते मी पुसत होतो, आणि लोक मला हात जोडत होते.

फ्लेक्स उतरवला. पाटी उतरवली. दोंडाईच्याचं काम परत केलं. शाळेत विचारून आलो, तिथं नवीन मुलगा लागलाय, चांगला आहे. रविना शिवणाचं मशीन बाहेर काढतेय. आता भांडीसुद्धा आपटत नाही.

मी जिच्या रोज पाया पडायचो ती अर्धी तू होतीस आणि अर्धी साक्रीच्या गाडीतली बाई. मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. मला आई नव्हतीच, मला जी मिळाली ती मिळाली. पण तुझी होती. ती मी घेतली.

म्हणून ठरवलंय. येत्या रविवारी ते चित्र ब्राह्मणपुरीला शेतावर नेणार आणि जाळणार. तुझ्याकडची फ्रेमही चुलीत घाल. जगात तो चेहरा कुठेच राहिला नाही, तर कदाचित तुझी माय परत येईल. येईल ना ताई? दुसरं मला काही सुचत नाही.

ईश्वर


विसरवाडी
१३ डिसेंबर २०२४

ईश्वर,

तुझा फोन लागत नाही. पोस्टानं हे रविवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून शहादा गाडीच्या कंडक्टरजवळ देतेय. त्याला चहा पाजलाय आणि शपथ घातलीय, तुझ्या हातातच देईल.

त्या चित्राला हात लावायचा नाही. ऐकतोयस? काडीसुद्धा जवळ न्यायची नाही.

जाळून जुनी येणार असती तर मीच पेटवलं असतं, तुझी वाट बघितली नसती. ती यायची नाही. मी नऊ महिने फ्रेम कपाटामागे ठेवून बघितलं. आता हिलाही जाळलंस तर मला कोण राहील? रोज सकाळी भट्टीपुढे मी एकटीच बसू का? तुला वाटतं जुनी गेली आणि ही राहिली हे वाईट. वाईटच आहे. पण कोणीच नसणं त्याहून वाईट, ते मी अकराव्या वर्षी बघितलंय. पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

आणि गाळा उघड. रविनाच्या मशीनवर बसून खाणार आहेस का, लाज नाही वाटत? लोक येतील, येऊ दे. फक्त ब्रश उचलायच्या आधी त्यांना सांगत जा, बाबांनो, आधी घरी जा, डोळे मिटून बसा, तुमच्या माणसाला पोटभर बघून घ्या. जे दिसेल ते मलाही सांगू नका. चित्र झालं की ते पुन्हा दिसायचं नाही. तरी ते चित्र पाहिजेच म्हणतील. भिंतीवर कोणीतरी असावं असं प्रत्येकालाच वाटतं. मग काढ, मन लावून काढ. पण सांगून काढ.

काल मी फ्रेम कपाटामागून काढली. धूळ पुसली, दाजींना स्टुलावर चढवून गल्ल्यामागे परत लावली. ते गुडघा धरून कुरकुरत होते. आज सकाळी पहिला चहा तिच्यापुढे ठेवला. अजून परकी वाटते रे, तिला काय बोलावं सुचत नाही. मग मीच म्हटलं, माय, मी बेबी शे. तुन्ही मोठी पोर.

होईल ओळख हळूहळू.

ताई